नवव्या रस्त्याचा उतार

४ एप्रिल

भिंगरी,

तुझा पाचवा आणि सहावा रस्ता पोचला. दोन्ही टाइप करून, आधीच्या चारांना जोडून, आमच्या सायकल मंडळाच्या साठही सभासदांना परवाच्या सभेत वाटले. मंडळी खूश आहेत. जन्मभर गाड्यांच्या धुरात सायकल मारलेली माणसं ही. तासाभरात एखादीच गाडी भेटेल असे डोंगरातले, तळ्यांच्या काठाकाठाने जाणारे रस्ते असतात, याचंच त्यांना नवल. एका गृहस्थांनी विचारलं, हे लिहितंय कोण? म्हटलं, माझा धाकटा भाऊ. तिकडे धरणाच्या दारांवर तेहतीस वर्षं नोकरी केली, लग्नाच्या भानगडीत पडला नाही, आणि लहानपणापासून एका जागी पाय ठरत नाही म्हणून आम्ही त्याला भिंगरी म्हणतो. बासष्टाव्या वर्षीही रोज सायकलवर असतो, हेही ऐटीत सांगून टाकलं.

आता कामाचं. बारा रस्ते झाले की पुस्तक छापायचं ठरलंय. राहिलेले सहा मे संपायच्या आत धाड. आणि जरा नीट लिही. पाचव्यात ‘चढ फार नाही’ म्हणतोस. फार नाही म्हणजे कुणाला, तुझ्या मांड्यांना की माझ्या गुडघ्यांना? दुसरं, तुझं अक्षर एवढं कधी वाढलं? पानावर जेमतेम सात ओळी, त्याही उजवीकडे घसरलेल्या. चाळीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली, असलं काही दिसलं की मला चैन पडत नाही.

तिसरं, हे मात्र चेष्टेवारी नेऊ नकोस. प्रत्येक रस्ता या वर्षी स्वतः फिरून मगच लिहितोयस ना? आठवणीवर लिहू नकोस. माणसं तुझा कागद खिशात घालून निघणार आहेत.

लेक मजेत आहे. लोकांचे दात उपटून उपटून तुझ्या ठकीचा हात इतका तयार झालाय की आता स्वतःचा दवाखाना थाटतेय, एक जूनपासून. मामाला कळव म्हणाली.

ताई

१६ एप्रिल

ताई,

तू निवृत्त झालीस हे तुला अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही.

अक्षराचं कारण नवं पेन. जाड टोकाचं आहे, बारीक लिहायला गेलं की शाई पसरते. ओळी घसरतात कारण लिहिणारा डोंगरात राहतो. झालं समाधान?

फिरून लिहितोस ना, हे काय विचारणं झालं? सकाळी चहा घेतला की मी सायकलवर. सातवा, आठवा आणि नववा सोबत पाठवतोय. सातव्यात पांढऱ्या गिरणीपाशी डावीकडे वळायचं, ते वळण चुकवू नका म्हणावं, पुढे दोन किलोमीटर उगाच चढ पडतो.

नववा माझा लाडका. तो तुझ्या मंडळींना सभेत मोठ्याने वाचून दाखव: ‘खिंडीपलीकडच्या लॉजपासून निघावं. खिंडीपर्यंत नऊ किलोमीटर चढ आहे, दम राखून चढावं. खिंडीतून मधल्या तळ्यापर्यंत सहा किलोमीटर उतार, अकरा वळणं, एकही घर नाही. डांबर गुळगुळीत. जिथे तळ्याचा गळा अरुंद होतो तिथे पूल आहे. अकरावं वळण झालं की ब्रेक सोडून द्यावेत आणि त्याच वेगात पुलावरून अलीकडे यावं. दोन्ही बाजूंना पाणी, आणि मधून आपण.’

परवाच जाऊन आलो. चिटपाखरू भेटलं नाही.

ठकीला सांग, दवाखान्यातलं पहिलं गिऱ्हाईक मी. माझी मागची दाढ तिच्यासाठीच हलवत ठेवलीय.

भिंगरी

२७ एप्रिल

भिंगरी,

नववा सभेत वाचला. वाचून झाल्यावर मंडळींनी पुन्हा एकदा वाचायला लावला. असं लिहायला तुला शाळेत का जमलं नाही?

पण सातव्याचं सांग. आमच्यातल्या एका बाईंचं माहेर तिकडचं. त्या म्हणाल्या, पांढरी गिरणी पाडून दोन वर्षं झाली, तिथे आता नुसतं मोकळं मैदान आहे. तू गिरणीपाशी वळलास म्हणतोस. कुठली गिरणी बघितलीस?

मी मंडळाची चिटणीस, आणि चार लोकांत ‘विचारून सांगते’ म्हणून बसले. मला ते आवडलं नाही.

ताई

६ मे

ताई,

गिरणी पडली हे खरं, पण आम्ही त्या जागेला अजून गिरणीच म्हणतो. तुझ्या गल्लीत त्या चौकाला तुम्ही टांगास्टँड म्हणता, तिथे शेवटचा टांगा कधी बघितलास? तरी ‘मोकळ्या मैदानापाशी’ असं दुरुस्त कर.

आणखी एक. नववा रस्ता पुस्तकातून गाळ. पुन्हा विचार केला, तो तसा काही खास नाही. चढ दमवतो आणि उतार कंटाळवाणा आहे. त्याऐवजी मी खालच्या तळ्याभोवतीचा एक सोपा रस्ता देतो. नववा कुणाला दिला असशील तर परत घे.

विसरू नकोस.

भिंगरी

१२ मे

भिंगरी,

गेल्या महिन्यात लाडका होता, आता कंटाळवाणा झाला. मला कळतं रे. लहानपणी शाळेमागची ओढ्याकडची वाट सापडली तेव्हाही तू असंच केलंस. आधी चार दिवस आमच्यापुढे मिरवलीस आणि आम्ही ‘दाखव’ म्हटल्यावर म्हणालास, तिथे काही नाहीये, नुसता चिखल आहे. सगळ्यांत सुंदर रस्त्यावर साठ अनोळखी सायकली यायला नकोत, एवढंच ना? मग तसं सरळ लिहायचं. साठीनंतर तरी माणसाने थोडं मोठं व्हावं.

नववा गाळणार नाही. मंडळाने त्यावरच पुस्तकाचं मुखपृष्ठ करायचं ठरवलंय. तुझी लहर फिरली म्हणून मी चित्रकाराला थांबवू शकत नाही. बाकीच्या तीन रस्त्यांची वाट बघतेय, आणि या वेळी गिरण्या आहेत की पडल्या ते बघून लिही.

तुला आयत्या वेळी कळावं असं लेकीचं म्हणणं होतं, पण तू घराबाहेर असलास तर पंचाईत, म्हणून सांगून टाकते. ठकी आणि तिची मैत्रीण शुक्रवारी लॉजवर मुक्काम करून शनिवारी, सतरा तारखेला सकाळी नववा रस्ता करणार आहेत. दवाखाना सुरू झाला की तिला वर्षभर उसंत नाही. पूल ओलांडून साडेदहापर्यंत तुझ्या दारात चहाला हजर. घरी राहा.

ताई

१८ मे

ताई,

हे पत्र पोचेल तेव्हा तू ठकीच्या खाटेशी असशील. तिची बाजू तिने सांगितली असेल. माझी मी सांगतो. काल तू इस्पितळात पोचायच्या आधी मी तिथून निघून आलो. तुझ्यासमोर उभं राहायचा धीर झाला नाही.

तुझं पत्र शनिवारी पावणेआठला आलं. पोस्टवालीबाई टाकून पुढे गेली. मी भिंग घेऊन खिडकीशी बसलो. तुझं एक पत्र वाचायला मला आता तास लागतो, एकेक अक्षर डोळ्याच्या कडेने पकडावं लागतं. त्यात तू मला झाडलं होतंस, म्हणून मध्येच उठून चहा केला. ठकीचं वाचलं तेव्हा नऊ वाजत आले होते.

तुला जे सांगायला हवं होतं ते हे. मधल्या तळ्यावरच्या पुलाचा मधला गाळा, दोन खांबांमधला अख्खा तुकडा, डिसेंबरातच काढून नेलाय. नवा बसवायचाय, बसलेला नाही. आमच्या बाजूला आडवा खांब आणि पाटी आहे. खिंडीकडून कुणी येतच नाही म्हणून तिकडे दोन रिकामी पिंपं उभी केली होती, तीही अकराव्या वळणाला अगदी लागून. त्यांतलं एक वाऱ्याने तळ्यात गेलं. दारांवर माझ्या जागी आलेल्या नव्या माणसाने तीन मेला बोलता बोलता हे सांगितलं. त्याच दिवशी ‘पूल नाही’ एवढे दोन शब्द मी तुला लिहायला हवे होते. पण मग तू विचारलं असतंस, परवा जाऊन आलास तो पूल कसा ओलांडलास? म्हणून मी कंटाळवाणा म्हणून लिहिलं.

समोरच्या किराणावाल्या बाईंकडे फोन आहे. लॉजवर लावला. म्हणाले, दोघी आठला निघाल्या. ठकीच्या पायांनी खिंडीपर्यंत सव्वा तास. वर थोडं थांबतील, पाणी पितील. मग उतार, बारा मिनिटांचा. तुझ्याकडे लावला, तू उचलला नाहीस. दारांवरच्या खोलीत लावला, वाजून वाजून बंद पडला. नवा माणूस त्या वेळी धरणाच्या भिंतीवर दारांना ग्रीस देत असतो, मीही द्यायचो. बाईंची गाडी बाजाराला गेलेली. रस्त्यावर कुणी म्हणता कुणी नाही. या शांततेचं मी तुझ्या साठ जणांना पानंच्या पानं कौतुक लिहिलं होतं.

मग आतल्या खोलीतून सायकल काढली. दीड वर्षं भिंतीला होती. चाकांत हवा निम्मी होती, भरायला थांबलो नाही.

मला समोरचं दिसत नाही, ताई. जिथे बघावं तिथे राखेसारखा डाग. कडेचं तेवढं दिसतं. म्हणून उजवीकडच्या गवताकडे तोंड करून चालवत होतो, म्हणजे डाव्या कडेचा पांढरा पट्टा डोळ्याच्या कोपऱ्यात राहायचा. घरापासून दारांपर्यंत चार किलोमीटर. पूर्वी मी ते आठ मिनिटांत जायचो. दोनदा गवतात शिरलो. एकदा कुंपणाच्या तारेला अडकलो, सोडवून घेताना किती वेळ गेला कळलं नाही. घड्याळ बघून उपयोग नव्हता, काटे दिसत नाहीत.

नवा माणूस भिंतीवर सापडला. पूल तिथून तीनशे पावलांवर, पण पुलापाशी जाऊन ओरडण्यात अर्थ नव्हता. वारा समोरून होता, वळणापलीकडे आवाज गेला नसता. मी त्याला म्हटलं, भोंगा वाजव. दारं उघडून पाणी सोडायच्या आधी वाजवतात तो. दोन खोऱ्यांत ऐकू जातो. तो म्हणाला, वरून हुकूम नसताना वाजवला तर खालच्या वस्तीतली माणसं घरं सोडून पळतील, आणि त्याची नोकरी जाईल. बरोबर होतं त्याचं. त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो.

मी म्हटलं, “खिंडीतून माझी भाची उतरतेय. पूल आहे असं मी तिला लिहून दिलंय.”

त्याने ग्रीसचा डबा खाली ठेवला. खोलीत आला, भोंग्याच्या पेटीची किल्ली माझ्या हातात दिली. किल्ली मला भोकात घालता येईना. शेवटी त्यानेच माझं मनगट धरून ती लावली आणि मी खटका ओढला. एक, दोन, तीन. लांब.

ठकी लहानपणी सुट्टीत माझ्याकडे असायची, तेव्हा मी तिच्याकडून घोकून घेतलं होतं: भोंगा ऐकला की असशील तिथे थांबायचं आणि पाण्यापासून वर चढायचं. वीस वर्षं झाली त्याला. तिच्या लक्षात असेल की नाही, मला ठाऊक नव्हतं. मी खिडकीत उभा होतो आणि समोरचा डोंगर मला दिसत नव्हता. ती वर आहे, वळणावर आहे, की पाण्यात आहे, काही दिसत नव्हतं. मी त्या माणसाला विचारत होतो.

मग तो म्हणाला, “अकराव्या वळणाच्या वर एक पोरगी रस्त्यात पडलीय. दुसरी तिच्याकडे पळतेय.” थोड्या वेळाने म्हणाला, “पडलेली उठून बसली.”

मी खाली जमिनीवर बसलो.

पुढचं तुला माहीत आहे. तिने सगळे ब्रेक एकदम दाबले, खडीवरून चाक गेलं, हातावर पडली.

भिंगरी

२४ मे

भिंगरी,

उजव्या मनगटात दोन पट्ट्या आणि सात स्क्रू घातलेत. बोटांत पहिल्यासारखी ताकद येईल की नाही ते सहा महिन्यांनी सांगतील. दवाखान्याची जागा तिने सोडली. दात काढायला उजवा हात लागतो. पडली तिथून पुलाचं तुटकं टोक साठ पावलांवर होतं. तिच्या मैत्रिणीने मोजून बघितलं.

ठकी तुला दोष देत नाही. मी देते.

एकच विचारायचंय, आणि उत्तर एका आकड्यात दे. तुझे नऊ रस्ते माझ्याकडे आहेत. त्यांतले सहा साठ घरांत आहेत. नवांतले किती तू फिरून लिहिलेस?

ताई

३० मे

ताई,

एकही नाही.

आकडा मागितलास, तो दिला. पुढचं वाचायचं नसेल तर वाचू नकोस.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय, थांबवता येणार नाही, पूर्ण अंधार होणार नाही पण मधलं जाईल. मी कुणाला बोललो नाही. दीड वर्षापूर्वी, हिवाळ्यात एक बाई तिच्या कुत्र्याला घेऊन रस्ता ओलांडत होती. ती मला दिसलीच नाही. तिने कुत्र्याला ओढलं म्हणून दोघं वाचली. मी घरी येऊन सायकल भिंतीला लावली.

त्यानंतर वर्षाने तुझं पत्र आलं, की तळ्यांचे रस्ते तुझ्याइतके कुणाला माहीत, लिहून दे. मी नाही म्हणणार होतो. पण बसल्या बसल्या पहिला रस्ता मनातल्या मनात सुरू केला आणि वळणन् वळण आठवत गेलं. लिहीत होतो तेवढा वेळ मी खरंच सायकलवर होतो. मध्ये काही बदललं का, ते दूधगाडीवाल्याला आणि पोस्टवालीबाईला आडून आडून विचारायचो. ते जातात ते रस्ते मला ठीक मिळाले. खिंडीच्या उतारावर घर नाही, मग तिथे ना दूध जातं ना टपाल. तो मी नुसता आठवणीवर लिहिला, आणि सगळ्यांत जास्त रंगवून लिहिला.

साठ जणांना कळव. आजच कळव. ‘काही कारणाने’ असलं लिहू नकोस. माझ्यामुळे, असं लिही.

भिंगरी

१४ जून

भिंगरी,

दोन तारखेला सगळ्यांना पाठवलेल्या पत्राची नक्कल: ‘रस्ता क्रमांक एक ते सहा यांचे कागद त्वरित परत करावेत व त्यांवर विसंबून कुणीही जाऊ नये. लिहिणाऱ्याने हे रस्ते दीड वर्षात पाहिलेले नाहीत, कारण त्याला दिसत नाही. लिहिणारा चिटणिसांचा सख्खा भाऊ आहे आणि चिटणिसांनी खातरजमा केली नाही.’

अठ्ठावन्न कागद परत आले. राहिलेले दोन एका नवराबायकोकडे आहेत. माझं पत्र त्यांच्या दारात पडून आहे, कारण ते एक तारखेलाच तुझा चौथा रस्ता करायला निघाले. बारा तारखेला परतायचे होते. आज चौदा. त्यांच्या मुलाचा दोनदा फोन येऊन गेला.

ताई

१९ जून

ताई,

ते दोघं आले का? दूधगाडीवाल्याला चौथ्या रस्त्याने पाठवलं, तो म्हणाला कुणी दिसलं नाही, काही पडलेलंही दिसलं नाही. मला दोन ओळी टाक.

भिंगरी

३० जून

ताई,

पोस्टवालीबाई आता लांबूनच हात हलवते, काही नाही म्हणून. तो हात मला कडेने दिसतो.

किराणावाल्या बाईंकडून दोनदा फोन लावला, कुणी उचलला नाही. ते आले नसतील तरी लिही. तुला मला जे बोलायचं असेल ते बोल, पण त्यांचं कळव. चौथ्या रस्त्यावर ओढ्याच्या अलीकडे एक खोल उतार आहे, तिथे मी ‘निर्धास्त जावं’ असं लिहिलंय. दिवसभर ते दोन शब्द डोक्यात असतात.

भिंगरी

१९ जुलै

भिंगरी,

ते दोघं सोळा जूनला सुखरूप आले. तळ्याकाठी आवडलं म्हणून चार दिवस जास्त राहिले, मुलाला कळवायचं विसरले. चौथा रस्ता तू लिहिलास तस्साच निघाला म्हणे. हे मला महिनाभरापूर्वी कळलं. तुझी दोन पत्रं समोर ठेवून मी तुला कळवलं नाही. विसरले नव्हते. मुद्दाम. तू रोज दारात उभा राहत असशील हे मला कळत होतं, आणि राहू दे असं वाटत होतं.

काल ठकीने तुझी पत्रं टेबलावर बघितली. मी उत्तर दिलं नाही हे तिला कळलं. तिने डाव्या हाताने ताट सारलं आणि म्हणाली, “मामाने लपवलं तेव्हा माझा हात मोडला. आता तू लपवतेयस.”

म्हणून आता सगळंच सांगते. तुझे डोळे गेलेत हे मला डिसेंबरपासून माहीत होतं. तू तीन दिवस इथे आला होतास. आमच्या जिन्याची शेवटची पायरी संपल्यावर तू पायाने आणखी एक पायरी शोधलीस. गप्पा मारताना माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या कानाकडे बघत होतास. मी मुद्रितं तपासणारी बाई आहे, भिंगरी. मला स्वल्पविराम उलटा पडलेला दिसतो. मला हे दिसणार नाही?

पण मी विचारलं नाही. ठकीचे बाबा सात वर्षं अंथरुणावर होते. त्यांना उठवणं, बसवणं, भरवणं, सगळं मी केलं, आणि केल्याचं दुःख नाही. ते गेल्यावर दोन वर्षांनी मी पहिल्यांदा मंडळात गेले, सायकल शिकले, पुस्तकाचं काम अंगावर घेतलं. तुला विचारलं असतं तर तू खरं बोलला असतास. मग मला म्हणावं लागलं असतं, माझ्याकडे राहायला ये. आणि मला ते म्हणायचं नव्हतं. पुन्हा कुणाचा हात धरून जिना चढायचा नव्हता. म्हणून तुला रस्ते लिहायला सांगितले. मनाशी म्हटलं, लिहितोय म्हणजे दिसत असेल.

गिरणीचं खोटं पकडलं तेव्हा माझी खात्रीच झाली. तेव्हाही तुला विचारलं नाही. ठकी सुट्टीचं बोलत होती, तिला मी म्हटलं, मामाचा नववा रस्ता करून ये ना. मला नवव्याची तपासणी हवी होती, आणि ती तुला न विचारता हवी होती. तिला पाठवलं मी. तू पूल आहे म्हणालास, पण त्या पुलाकडे तिला मी ढकललं. हे मी अजून तिला सांगितलेलं नाही. आज सांगणार आहे. आधी तुला लिहिलं, म्हणजे माघार घेता येणार नाही.

तिची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजून पूर्ण मिटत नाहीत. रबरी चेंडू दाबत बसते दिवसभर.

ताई

७ सप्टेंबर

ताई,

तू सांगितल्यावर ठकी काय म्हणाली ते तू कळवलं नाहीस, पण ती ऑगस्टात इथे आली तेव्हा मला कळलं. चार दिवस होती. पहिल्या दिवशी दोघांवरही चिडलेली होती. आपण भाऊबहीण एकमेकांना न विचारण्यात किती पटाईत आहोत, यावर तिने मला चांगलं तासभर सुनावलं. तिसऱ्या दिवशी तिने माझी हलणारी दाढ काढली, डाव्या हाताने. फार दुखलं. मी हूं की चूं केलं नाही. तिला म्हटलं, जमतंय तुला. ती म्हणाली, खोटं बोलू नकोस मामा. मग म्हटलं, बरं, भयंकर दुखलं. तेव्हा हसली.

दारांवरच्या माणसाला लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली. चौकशीला आलेल्या साहेबांना मी सगळं सांगितलं. आता खिंडीतच रस्ता बंद केलाय, पक्की भिंत घालून.

तुझ्याकडे मी राहायला येणार नाही. रागाने म्हणत नाही. तू न विचारण्याचं कारण वाचलं आणि वाटलं, तुझ्या जागी मीही विचारलं नसतं. इथे माझी पावलं मोजलेली आहेत. पोस्टवालीबाई रोज येते, आता माझी पत्रं तीच वाचून दाखवते, तेव्हा जपून लिही. तुझं जुलैचं पत्र वाचताना ती मध्येच थांबली, पाणी प्यायली आणि मग पुढचं वाचलं.

सोबत पहिला रस्ता पाठवतोय. नव्याने लिहिला. सायकलने नाही, पायी गेलो, काठी घेऊन. बावीस किलोमीटरला तीन दिवस लागले, संध्याकाळी दूधगाडी मला घरी आणायची आणि सकाळी जिथे थांबलो तिथे सोडायची. पायाला डांबर लागलं तिथे डांबर लिहिलंय, खडी लागली तिथे खडी. चढ किती, ते दम किती वेळा लागला त्यावरून. पहिल्या सकाळी तीन तासांत दोन गाड्या ऐकल्या. जे दिसलं नाही ते वाटेतल्या माणसांना विचारलं, आणि कुणाला विचारलं तेही लिहिलंय. छापायचं की नाही, मंडळाने ठरवावं.

एक जागा मात्र कोरी आहे. चौथ्या वळणावर झाडं संपतात आणि वारा एकदम गार लागतो. तिथून खालचं तळं पुरं दिसतं, असं मी पूर्वी लिहिलं होतं. या वेळी बराच वेळ उभा राहिलो. विचारायला कुणी आलं नाही.

पाच ओळींची जागा सोडलीय. तू येऊन बघ, आणि काय दिसतं ते तुझ्या अक्षरात लिही.

भिंगरी